जुन्या पिकअपचा पुढचा भाग: तयार आर्म घ्यावा की जुन्याच आर्ममध्ये बॉल जॉइंट-बुश बसवावेत?

चाक घड्याळाच्या 12 आणि 6 च्या जागी धरून हलवलं की खटखट येते, दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरला तरी ती जात नाही, म्हणजे बेअरिंग नाही, बॉल जॉइंट गेला आहे (आर्म, म्हणजे चेसिसपासून चाकापर्यंत येणारा दांडा, चाकाकडे जिथे जोडतो तिथली वाटीत फिरणारी गोळी). इथपर्यंत तुम्ही पोचला आहात असं धरतो. फक्त तपासताना जॅक कुठे लावला होता ते आठवून बघा. टोर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी लांब सळई) खालच्या आर्मवर असेल तर जॅक त्या आर्मखाली, जॉइंटच्या जितका जवळ लागेल तितका जवळ हवा. चेसिसखाली लावून चाक लटकतं ठेवलं, तर बार जॉइंटला ताणून धरतो आणि पार झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो.

हे सगळं डबल विशबोनच्या (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म असलेल्या) गाड्यांबद्दल, म्हणजे टाटा झेनॉनसारख्या टोर्शन बारवाल्या जुन्या पिकअपबद्दल. पुढे अख्खा अॅक्सल आणि पाटे असतील तर तिथे किंगपिनचा (चाक ज्यावर वळतं त्या खुंटीचा) विषय येतो, तो वेगळा.

इंदूरला छोटी ग्वालटोलीतल्या पार्टच्या काउंटरवर गेलात की पहिला सल्ला बहुधा हाच मिळतो: ‘पूरा आर्म ही डाल दो, भैया, झंझट खतम.’ सल्ला चुकीचा नाही. तयार आर्मला जॉइंट आणि बुश (आर्म चेसिसला जोडतो तिथले रबरी तुकडे) आधीच बसवलेले येतात. जुने बोल्ट सोडायचे, नवा आर्म चढवायचा. बोल्ट सुटत असतील तर एक बाजू दोन-तीन तासांत होते आणि प्रेसवाल्याकडे (दाबयंत्रावर पार्ट काढून-बसवून देणाऱ्याकडे) खेप पडत नाही. चोइथराम मंडीच्या फेऱ्यांवर पोट असलेल्या गाडीला दोन दिवस उभं राहणं परवडत नाही, तिथे हा मुद्दा वजनदार आहे.

सुट्या पार्टची यादी लांबते. चार बॉल जॉइंट, चार आर्मचे मिळून साधारण आठ बुश, नवे स्प्लिट पिन, नवे लॉक नट. पैसे बरेच वाचतात, पण काम वाढतं. वरचा जॉइंट बहुधा तीन-चार बोल्टवर असतो. कंपनीतून आलेला कधीच बदललेला नसेल तर तिथे रिबिट सापडतात. त्यांची डोकी ग्राइंडरने उडवून ड्रिलने मोकळी करावी लागतात. नंतर जॉइंटच्या खोक्यात आलेलेच बोल्ट लावायचे, सियागंजातून आणलेले साधे बोल्ट इथे नकोत. खालचा जॉइंट बहुधा दाबून बसवलेला असतो. सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढून तो प्रेसवरच निघतो आणि प्रेसवरच बसतो.

काम बिघडतं ते या प्रेसवर. बुश दाबताना जोर बाहेरच्या लोखंडी कवचावर यायला हवा. त्यासाठी बरोबर मापाचा पाइपचा तुकडा लागतो. तो नसला की मिस्त्री मधल्या नळीवरच दाब देतो आणि रबर आतून फाटतं, बाहेरून मात्र काही दिसत नाही. आर्मच्या दोन कानांमध्ये ठोकळा ठेवला नाही तर कान आत दबतात, मग आर्म चेसिसच्या ब्रॅकेटवर नीट बसत नाही. खालचा जॉइंट हातोडीच्या दोन हलक्या ठोक्यांत आत गेला तर खूश होऊ नका. त्याचा अर्थ आर्मचं भोक पसरलं आहे. अशा वेळी ‘दोन टाके मारून देतो’ असं कुणी म्हटलं तर हात जोडून नाही म्हणा. वेल्डिंगच्या उष्णतेने आतली प्लास्टिकची वाटी आणि ग्रीस जळतं. तो आर्म भंगारातच जायला हवा.

एवढं वाचून तयार आर्मच बरा वाटत असेल, तर त्याची एक कटकट सांगतो. माझ्यापुरता निर्णय तिनेच केला.

ती कटकट म्हणजे बूट, जॉइंटवरची रबरी टोपी. बाजारातल्या पुष्कळ तयार आर्मना सीलबंद जॉइंट येतो. ग्रीस निपल नसतं, बूट पातळ असतो आणि त्याला धरून ठेवणारी तारेची कडी सैल असते. कोरड्या दिवसांत हे चालून जातं. पण आपल्याकडे जुलै लागला की शेतरस्त्याची काळी माती आर्मवर थापली जाते, मुरमाची कच तिच्यात मिसळते आणि दोन दिवसांच्या उन्हात तिचं ढेकूळ बनतं. चाक वळलं की ते ढेकूळ बुटाला रेटतं. बूट कडीपाशी, आर्मच्या बाजूला फाटतो. ती फट उभ्याने दिसत नाही, खाली झोपून बॅटरी मारली तरच दिसते. आत गेलेली माती ग्रीसमध्ये कालवली की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काळं-राखाडी मिश्रण होतं, आणि पुढे प्रत्येक वळणावर ते गोळी आणि वाटी घासत राहतं. सीलबंद जॉइंटमध्ये नवं ग्रीस भरून ही घाण बाहेर ढकलता येत नाही. त्यातून जॉइंट आर्मपासून सुटा होत नसेल तर एवढ्याशा रबरापायी अख्खा आर्म पुन्हा विकत घ्यायचा.

सुटा जॉइंट घेताना हे हातात घेऊन तपासता येतं. निपल आहे का, बूट जाड आहे का, कडी घट्ट आहे का, गोळी हाताने फिरवताना सगळीकडे सारखी जड लागते का. निपल असला की लिथियम ग्रीसची गन लावायची आणि बूट किंचित फुगला की थांबायचं. आणखी दोन दाब मारले तर आपणच बूट फोडतो. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा, आणि मधे चिखलातून फार फिरणं झालं तर आणखी एकदा. मी माझ्या गाडीत जुनेच आर्म ठेवले. प्रेसचा त्रास एकदाच झाला, बुटाचा दर पावसाळ्यात झाला असता. तुमची गाडी फक्त बायपास आणि देवास नाका करत असेल तर हिशेब वेगळा निघू शकतो, हे मान्य.

बाकीचं काम दोन्हीकडे सारखंच आहे. टोर्शन बार सैल करण्याआधी अँकर बोल्टचे (बार ताणून धरणाऱ्या बोल्टचे) किती आटे बाहेर आहेत ते मोजून ठेवा. बार आणि अँकर दोन्हींवर रंगाची एक आडवी रेघ मारा. डावा-उजवा बार अदलाबदल करू नका. टेपर (जॉइंटचा निमुळता दांडा) सोडवायला पुलर वापरा. दुतोंडी छिन्नी ठोकली की टाय रॉड एंडचा (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकावरच्या जॉइंटचा) चांगला बूटही फाटतो. कॅसल नटची खाच पिनच्या भोकाशी जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, मागे कधीच घ्यायचा नाही.

आर्मच्या आतल्या बुशांचे बोल्ट गाडी घोडीवर असताना फक्त हातापुरते लावा आणि चाकं जमिनीवर टेकून गाडी आपल्या उंचीला आल्यावर आवळा. लटकत्या आर्मवर आवळले तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. तयार आर्मचे कोरे बुश काही महिन्यांत फाटले म्हणून पार्टला शिव्या बसतात, पण अनेकदा दोष या आवळण्याचा असतो.

टाय रॉड एंड बदलताना जुन्याचे आटे मोजून नवा तितकाच आत घाला, म्हणजे गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जाते. आयडलर आर्मवाली (स्टिअरिंगच्या दांड्यांना दुसऱ्या बाजूने आधार देणारा आर्म असलेली) गाडी असेल तर तो वर-खाली हलवून बघा. तिथे प्ले असेल तर नवे जॉइंट टाकूनही टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते माप) टिकत नाही आणि टायरवर हात फिरवला की करवतीसारखे दाते लागतात. आणि हा प्ले लपवायला स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळू नये. मधल्या जागेवर स्टिअरिंग अडकायला लागतं आणि वळणानंतर आपोआप सरळ होत नाही.

आर्म वाकलेला असेल, भोक पसरलं असेल, किंवा भरवशाचा प्रेसवाला नसेल, तर तयार आर्म घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त निपलवाला, आणि जॉइंट बोल्टवर किंवा सर्क्लिपवर बसलेला मिळतो का ते विचारा. आणि जुना आर्म शाबूत असेल तर दुकानात सोडून येऊ नका. तयार आर्मचा जॉइंट गेला की सुटा जॉइंट दाबायला तोच कामाला येतो.