नॅनोकण, फुगा की मोठ्या रुग्णालयात बाळंतपण? सीडीएच निघाल्यावर काय ठरवायचं

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाचं जठर हृदयाच्या शेजारी दिसतं आणि रिपोर्टवर 'सीडीएच' लिहून येतं. म्हणजे श्वासपटलाला (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला) भोक, त्यातून आतडी छातीत चढलेली, फुप्फुसाला वाढायला जागा नाही. साधारण अडीच-तीन हजार बाळांत एखाद्याला हे होतं.

मोबाईलवर शोधलं की नॅनोकणांची बातमी सापडतेच. टोरंटोच्या सिककिड्स रुग्णालयातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये गर्भजलातल्या मूळपेशींनी सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या (हेच ते नॅनोकण) वापरल्या आणि उंदरांच्या गर्भात खुंटलेली फुप्फुसं वाढू लागल्याचं दाखवलं. कल्पना भारीच आहे, पण तुमच्या सध्याच्या गरोदरपणात ती कामाची नाही. कुणी पैसे घेऊन 'नॅनो इंजेक्शन' देतो म्हणाला, तर तिथून सरळ उठा.

फुग्याचा उपचार मात्र माणसांवर तपासलेला आहे. गंभीर आजारात २७ ते २९ आठवड्यांत, मध्यम आजारात ३० ते ३२ आठवड्यांत दुर्बिणीतून बाळाच्या श्वासनलिकेत फुगा बसवतात. फुप्फुसातला द्रव आत अडकतो आणि त्या ताणाने फुप्फुस वाढतं. ३४ व्या आठवड्यात फुगा काढतात. २०२१ मध्ये आलेल्या चाचणीत डाव्या बाजूच्या गंभीर सीडीएचमध्ये फुगा बसवलेल्यांपैकी ४० टक्के बाळं जिवंत घरी गेली, फुगा न बसवलेल्यांत १५ टक्के. मध्यम आजारात ६३ विरुद्ध ५० टक्के, हा फरक ठाम म्हणण्याइतका नव्हता. किंमतही मोठी: गंभीर गटात फुगा बसवलेल्या ७५ टक्के आयांचं बाळंतपण मुदतीआधी झालं, इतरांत २९ टक्के.

देशात हे मोजक्या ठिकाणीच होतं. फुगा आत असताना कळा सुरू झाल्या तर तो तातडीने काढणारी टीम जवळ लागते. म्हणजे डोहाळजेवणाच्या दिवसांपासून बीड किंवा हिंगोली सोडून त्या शहरात खोली घेऊन राहणं आलं. नवऱ्याची मजुरी बुडते, तोही खर्च धरा.

माझ्या मते मध्यम आजारात फुग्यामागे न लागता बाळंतपण कुठे करायचं हे आधी ठरवावं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, ते इथे नको. जिथे नवजात अतिदक्षता विभाग आणि लहान मुलांचे सर्जन एकाच छताखाली आहेत तिथेच नाव घाला. नांदेड-लातूरकरांना हैदराबाद, बीड-संभाजीनगरकरांना पुणे-मुंबई सोयीचं. कारण जन्मल्याबरोबर मास्क लावून पिशवीने हवा दिली, तर ती पोटात शिरते, छातीतली आतडी फुगतात आणि फुप्फुस आणखी दबतं. अशा बाळाला लगेच नळी घालून व्हेंटिलेटरवर घेतात आणि जठर रिकामं ठेवतात. ऑपरेशन बाळ स्थिरावल्यावर. त्याची घाई नसते.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: फुप्फुस आणि डोक्याचं गुणोत्तर अपेक्षेच्या किती टक्के आहे (२५ च्या खाली म्हणजे गंभीर), आणि यकृत छातीत चढलंय का. गर्भपाताचा विचार असेल तर २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं, त्यानंतर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. तेव्हा पुढची सोनोग्राफी महिन्यावर ढकलू नका.