१७९६ च्या 'अमेरिकन कुकरी'वरून स्वयंपाक: काही महिन्यांच्या वापरानंतर

अमिलिया सिमन्स यांचं हे पुस्तक हार्टफर्डला छापलं गेलं. अमेरिकन लेखिकेचं, अमेरिकेतच प्रसिद्ध झालेलं पहिलं पाककृतींचं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. स्कॅन फुकट मिळतो. जुन्या छपाईतला लांब 'एस' 'एफ'सारखा दिसतो, पण लवकरच सराव होतो.

सुरुवात मक्याच्या 'इंडियन पुडिंग'ने करा. न्यू इंग्लंडमध्ये गव्हावर तांबेरा पडायचा, म्हणून मूळ रहिवाशांकडून शिकलेला मकाच रोजच्या खाण्यात आला. पहिली कृती अशी: ३ पाइंट (१.४ लिटर) कढत दूध, ७ चमचे मक्याचं पीठ, ७ अंडी, २२७ ग्रॅम बेदाणे, ११३ ग्रॅम लोणी, साखर, मसाला, दीड तास भाजायचं. चमचा केवढा, आच किती, याचा पत्ता नाही. मोठे, शिगोशीग चमचे आणि १५० अंश सेल्सिअस ठेवा. पीठ दूध कढत असतानाच वैरा, नाहीतर ते तळाशी बसतं. अंडी मात्र पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर गोठून गाठी होतात. दुसऱ्या कृतीत साखरेऐवजी मोलॅसिस (साखर बनवताना उरणारा दाट पाक) चालतं. काकवी वापरता येते, पण मोलॅसिस जास्त काळं आणि कडसर असतं. ते कॅरिबियन मळ्यांतून, गुलामांच्या कष्टांतून यायचं. पुस्तक याबद्दल गप्प आहे आणि ही उणीव फार खुपते.

पुस्तकाची खरी किंमत कळते ती पर्ल अ‍ॅशमुळे. लाकडाच्या राखेपासून काढलेला, पीठ फुगवणारा हा क्षार, म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट. अमेरिकेचं पहिलं पेटंट ३१ जुलै १७९० रोजी सॅम्युअल हॉपकिन्सना मिळालं, ते पोटॅश आणि पर्ल अ‍ॅश बनवण्याच्या पद्धतीसाठीच. सहा वर्षांत ती पूड या पुस्तकातल्या कुकीत आली. खाद्य दर्जाचीच घ्या. ती जास्त झाली तर लोण्याशी मिळून साबणासारखी चव येते. आंबट दुधात विरघळवली तर फुगही चांगली येते.

नाताळच्या कुकीचा एक तृतीयांश घाणा: ४५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम लोणी, २२५ ग्रॅम साखर, अडीच मोठे चमचे धनेपूड, १ लहान चमचा पर्ल अ‍ॅश. दूध लागेल तसं, पण पीठ घट्टच हवं. पाऊण इंच जाड लाटा. मुळात १५-२० मिनिटं लिहिली आहेत. एवढ्या जाडीला मंद आचेवर २५ तरी लागतात. धने ताजे कुटलेले हवेत. कुकी आधी कडक लागते. मातीच्या भांड्यात ठेवली तर सहा महिन्यांनी मऊ आणि अधिक चांगली होते, असं पुस्तक सांगतं आणि ते खरं आहे. फक्त कोकणात किंवा मुंबईत हा मुरवणीचा काळ पावसाळ्यात येऊ देऊ नका, बुरशी धरते.