रिम ब्रेक बदलताना पैसे कुठे घालावेत: पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

रिम ब्रेकची (चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, दोन्ही बाजूंनी रबर दाबून थांबणारी) रोड बाइक आहे आणि ब्रेक सुधारायचे आहेत, तर आधी पॅड (तेच रबर) बदला, मग केबल आणि सगळ्यात शेवटी कॅलिपर (पॅड दाबणारा चिमटा). मी तिन्ही बदललं, पण एका दमात नाही. प्रत्येक बदलानंतर काही आठवडे जाऊ दिले, तेच रस्ते, तेच उतार पुन्हा केले. त्यामुळे कशाने किती फरक पडला हे सुटं सुटं सांगता येतं. एकदम सगळं बदललं की श्रेय सगळ्यात महागड्या वस्तूला जातं, आणि इथे ते तसं जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

आधी सायकल आणि वापर सांगते, कारण ब्रेकचा अनुभव वजनावर आणि रस्त्यावर फार अवलंबून असतो. ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बन फोर्क, शिमानो सोरा आर३००० चे लीव्हर, ॲल्युमिनियमच्या रिम्स आणि २८ मिमीचे टायर. मी, सायकल, पाण्याच्या बाटल्या आणि पाठीवरची बॅग मिळून वजन ७५ किलोच्या आसपास. पुण्यात कोथरूडहून बाणेरला ऑफिस, रविवारी सिंहगड किंवा बोपदेव, पावसाळ्यात ताम्हिणी, आणि अधूनमधून २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड. कॅलिपर सायकलसोबत आलेले, साधे, कुठल्याही प्रवेशपातळीच्या सायकलवर असतात तसे.

सपाटीवर त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती. प्रश्न सिंहगडाच्या उतारावर यायचा. आठ-नऊ किलोमीटरचा उतार, वळणं अंगावर येणारी, रविवारी समोरून जीपा आणि वळणाच्या आतल्या बाजूला उभी केलेली वाहनं. हूडवरून (लीव्हरच्या वरच्या रबरी मुठीवरून) ब्रेक धरला तर अर्ध्या वाटेत बोटं भरून यायची. लीव्हर बराच आत यायचा, पण त्या प्रमाणात वेग उतरायचा नाही. आणि रिम ओली असली की चाकाचा पहिला फेरा, कधी दुसराही, ब्रेक लागलाय असं वाटायचंच नाही. हा शेवटचा मुद्दा सगळ्याच रिम ब्रेकना लागू आहे. पॅड आधी रिमवरचं पाणी पुसतो आणि मग पकड घेतो. कॅलिपर कितीही भारी घ्या, हे पुसणं चुकत नाही. ते किती लवकर उरकतं हे मुख्यतः पॅडच्या रबरावर ठरतं.

म्हणून सुरुवात पॅडपासून. मूळचे पॅड एकसंध होते, म्हणजे झिजले की अख्खा ब्रेक शू फेकायचा. त्यांच्या जागी धातूचे होल्डर आणि त्यात सरकवायचे रबर घेतले, कूल-स्टॉपचे सॅल्मन. त्या विटकरी-गुलाबी रबरात आयर्न ऑक्साइड असतं आणि ओल्या रिमवर ते काळ्या रबरापेक्षा लवकर पकड घेतं. सायकलच्या दुकानांत मागवून घ्यावे लागतात, चटकन मिळत नाहीत. पण एवढ्या खर्चात एवढा फरक पाडणारी दुसरी कुठलीही वस्तू मी सायकलवर लावलेली नाही. कोरड्या रस्त्यावर थांबण्यात बेताचा फरक जाणवला. पावसात मात्र चांदणी चौकाच्या उतारावर, खाली सिग्नल लाल आणि पुढे रिक्षा थांबलेली, अशा वेळी जो एक क्षण पोटात गोळा यायचा तो गेला. ब्रेक उशिरा नाही, दाबल्यावर लगेच बोलू लागतो.

दुसरा फायदा रिमचा. काळ्या, कडक पॅडमध्ये रस्त्यावरची कच रुतून बसते, ती रिमचं ॲल्युमिनियम खरवडते, आणि ते कण पुन्हा पॅडमध्येच घट्ट बसतात. मग पॅडच रिमला कानशीसारखा घासत राहतो. जुने पॅड काढून उजेडात तिरके धरले तेव्हा त्यात चंदेरी ठिपके चमकत होते. काही तर मोहरीच्या दाण्याएवढे. सॅल्मनमध्येही कण अडकतात, पण कमी, आणि मऊ असल्यामुळे दाभणाच्या टोकाने सहज उपटून निघतात. पावसाळ्यात दर आठवड्याला चाक काढून हे करते. पाच मिनिटांचं काम आहे. ब्रेक लावताना खर्र असा आवाज आला तर घरी येईपर्यंतही थांबू नये, बाजूला घेऊन बघावं.

होल्डरमध्ये रबर सरकवताना दिशा बघा. होल्डरचं उघडं तोंड मागच्या बाजूला यायला हवं, म्हणजे चाक फिरताना रबर बंद टोकाकडे दाबलं जातं. उलटं बसवलं तर जोरात ब्रेक लावल्यावर रबर पुढून सटकून बाहेर येऊ शकतं. होल्डरवर डावा-उजवा लिहिलेलं असतं आणि छोटा स्क्रूही असतो, तो लावायचाच. पॅडचं पुढचं टोक रिमला किंचित आधी टेकेल असं ठेवलं की किंचाळणं थांबतं. मी पॅडच्या मागच्या टोकाखाली जुन्या व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा धरून बोल्ट आवळते. पॅड टायरला कुठेही लागता कामा नये, आणि रिमच्या खालच्या कडेबाहेरही लोंबकळता कामा नये. टायरला लागला तर तो बाजूची भिंत कापतो.

मग केबल. याबद्दल लोक फार कमी बोलतात आणि मला हे सगळ्यात दुर्लक्षित काम वाटतं. मागच्या ब्रेकची वायर हँडलच्या टेपखालून, फ्रेमच्या वरच्या नळीलगत, शेवटी एक वळण घेऊन कॅलिपरला जाते. त्या शेवटच्या वळणात पाणी साचतं. आमच्या भागातल्या सायकलवाल्या काकांनी जुना आउटर (वायरवरचं आवरण) कापून दाखवला, तर आतून तांबूस चिखल निघाला आणि वायरला गंज धरलेला. बोटांचा निम्मा जोर वायर ओढण्यातच जात होता, रिमपर्यंत पोचतच नव्हता.

नवीन स्टेनलेस वायर आणि चांगल्या अस्तराचा आउटर घातला. काकांचं काम बघण्यासारखं होतं. आउटर कापल्यावर त्यांनी टोक कानशीने सपाट केलं, आतलं चेपलेलं अस्तर दाभणाने पुन्हा गोल उघडलं, मग टोपी बसवली. टोक तिरकं राहिलं तर ब्रेक दाबताना ते टोपीत चेपत राहतं आणि लीव्हर स्पंजसारखा लागतो. एक गोष्ट जीवावरची आहे म्हणून लिहिते: गिअरचा आउटर ब्रेकला कधीही वापरू नका. साध्या गिअर आउटरमधल्या तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, ब्रेकच्या ताणाखाली त्या फाकून आउटर फुटू शकतो. ब्रेकचा आउटर गुंडाळीच्या तारेचा असतो. दुकानात दोन्ही एकाच खुंटीला लटकलेले असतात, तेव्हा विचारून घ्या.

नव्या केबलने मागचा ब्रेक एवढा हलका झाला की काही दिवस मागचं चाक नको तेव्हा घसटायचं, हाताला नवा अंदाज यावा लागला. पुढची केबल लहान असल्यामुळे तिथे फरक कमी.

इथपर्यंत आल्यावर ऑफिसच्या रस्त्यासाठी मला आणखी काही नको होतं, हे स्पष्ट सांगते. कॅलिपर बदलले ते निव्वळ घाटांसाठी. शिमानो १०५ चे, बीआर-आर७०००. पॅड आणि केबल मिळून जो खर्च झाला त्याच्या कितीतरी पट.

घेण्याआधी दोन गोष्टी तपासल्या. एक म्हणजे रीच, म्हणजे फोर्कमधल्या बोल्टच्या केंद्रापासून रिमच्या ब्रेकपट्टीच्या मध्यापर्यंतचं अंतर. आर७००० ला ते जास्तीत जास्त ५१ मिमी चालतं. मडगार्डची जागा असलेल्या बऱ्याच टूरिंग आणि एंड्युरन्स सायकलींना याहून लांब हातांचे, ५७ मिमीपर्यंतचे कॅलिपर लागतात. त्यांना हा बसणार नाही, पट्टी लावून मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसरं म्हणजे लीव्हर किती वायर ओढतो. शिमानोच्या जुन्या आणि नव्या लीव्हरांत हे माप वेगळं आहे. आर३००० चे लीव्हर नव्या मापाचे, त्यामुळे जोडी जमली. फार जुने लीव्हर वायर कमी ओढतात, त्यामुळे नव्या कॅलिपरसोबत लीव्हर जास्त आत येईल आणि स्पंजसारखा लागेल, आणि दोष कॅलिपरला दिला जाईल. टायरचंही बघा. हा कॅलिपर २८ मिमीपर्यंतच्या टायरसाठी आहे, त्याहून जाड टायरचा विचार असेल तर इथेच थांबा.

बसवणं अवघड नाही. ५ मिमीची ॲलन की, आणि आवळायचा जोर असा: फोर्कमागचा नट ८ ते १० न्यूटन-मीटर, वायरचा बोल्ट ६ ते ८, पॅडचा ५ ते ७. कार्बन फोर्क असेल तर नट पुरेसा लांब आहे ना, बोल्टचे आटे त्यात नीट पकडतात ना, हे हाताने फिरवून आधी पाहावं.

आता फरक. लोकांना वाटतं की महाग कॅलिपर म्हणजे जास्त ताकद. ताकद थोडी वाढते, पण खरी सुधारणा हाताला जाणवणाऱ्या नेमकेपणात आहे. जुन्या कॅलिपरचे हात जोरात दाबल्यावर स्वतःच वाकायचे. पुढचा ब्रेक धरून सायकल ढकलली की ते डोळ्यांना दिसायचं. नव्यात ती लवचिकता जवळपास नाही. बोटाने जेवढं सांगावं तेवढंच होतं, ना कमी ना जास्त. बोपदेव उतरताना वळणात शिरण्याआधी वेग ताशी ४० वरून २५ वर आणायचा, तर पूर्वी दोन-तीनदा दाबून-सोडून अंदाज घ्यावा लागायचा. आता एकदाच धरते आणि वेग हवा तिथे येऊन थांबतो. हूडवरून दोन बोटांत सिंहगड उतरता येतो, आणि खाली गोळेवाडीला पोचल्यावर मनगटं शाबूत असतात. लहान हाताच्या माणसाला ही गोष्ट किती मोठी आहे हे ज्याचे हात लहान त्यालाच कळेल. ज्या बायका उताराला घाबरून घाट टाळतात त्यांतल्या कितीतरी जणींची भीती उताराची नसून न पोचणाऱ्या लीव्हरची असते, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. लीव्हर हँडलच्या जवळ आणायचा स्क्रू बहुतेक लीव्हरना असतो. तो फुकट आहे, सगळ्यात आधी तो फिरवून बघा.

कॅलिपरसोबत शिमानोचे आर५५सी४ पॅड येतात. कोरड्यात ते उत्तम आहेत, दिवाळीनंतर मी तेच ठेवते. जून ते सप्टेंबर सॅल्मन. होल्डर तेच राहतात, फक्त रबर बदलायचं. हे दोन्ही रबर ॲल्युमिनियमच्या रिमसाठी आहेत. कार्बन रिम असेल तर तिच्या कंपनीने सांगितलेलेच पॅड घाला.

जुलैत ताम्हिणी केला तेव्हा खरी परीक्षा झाली. धुकं, रस्त्यावरून वाहणारं पाणी, दरडीजवळ उतरलेली लाल माती. अशा वेळी वळणाच्या बरंच आधी पॅड रिमला नुसते टेकवून ठेवायचे, पाणी पुसून घ्यायचं आणि मग जोर द्यायचा. हे सगळं जमवूनही कोरड्यापेक्षा थांबायला जास्त अंतर लागतंच, म्हणून पुढच्या सायकलपासून लांब राहावं. तिथे डिस्क ब्रेकवाला मित्र माझ्यापेक्षा निर्धास्त होता. ओल्यात डिस्क सरस आहे, यात वादच नाही. पण त्यासाठी चालती सायकल विकायची गरज मला दिसत नाही. २०१९ ची टूर द फ्रान्स एगान बर्नालने रिम ब्रेकच्या सायकलवर जिंकली, तीही आल्प्स उतरून. आपला सिंहगड त्यात बसतो.

पावसाळ्याची किंमत रिम चुकवते, हे मात्र लक्षात ठेवा. ताम्हिणीहून आल्यावर फोर्कवर जे करडं पाणी ओघळलेलं असतं, त्यात रिमचंच ॲल्युमिनियम असतं. ब्रेकपट्टीवर खाच किंवा बारीक खड्डा कोरलेला असतो, तो दिसेनासा झाला की रिम संपली. ज्या रिमला खूण नाही तिच्यावर स्टीलची पट्टी उभी धरायची. मध्ये फट दिसली, पट्टी दोन्ही कडांवरच टेकली, तर भिंत झिजून पातळ होत चालली आहे. पातळ भिंत टायरच्या हवेच्या दाबाने फुटते, आणि ती उतारावर फुटली तर सावरायला वेळ मिळत नाही.

ज्यांच्या हायब्रिडला व्ही-ब्रेक आहेत त्यांनी कॅलिपरच्या भानगडीत पडूच नये. व्ही-ब्रेकमध्ये जोर मुळातच भरपूर असतो, पॅड आणि केबल बदला, काम झालं. चाकाला आउट असेल, म्हणजे फिरताना ते डावी-उजवीकडे डगमगत असेल, तर तो मात्र कुठलाही ब्रेक घेण्याआधी काढून घ्या. हलत्या रिमवर पॅड जवळ ठेवता येत नाहीत आणि महागडा कॅलिपरही लांबूनच दाबत राहतो.

माझ्या पुढच्या रिमवरची खाच आता नखाला जेमतेम लागते, मागची अजून ठळक आहे. पुढच्या जूनआधी पुढची रिम बदलायची आहे. हब चांगला आहे, ३२ स्पोकचा. जुन्या रिमइतक्याच आतल्या मापाची (स्पोक जिथे बसतात तिथल्या व्यासाची) रिम मिळाली तर स्पोकची लांबी तीच चालते आणि काम बरंच स्वस्तात होतं. ब्रेकपट्टी असलेल्या रिम्स दुकानांत दिवसेंदिवस कमी दिसतायत, म्हणून मिळाली तर एक जास्तीची घेऊन ठेवणार आहे, आणि तिच्यासोबत सॅल्मनच्या दोन जोड्याही.