क्लिअरटाइप ट्यूनर: मुद्रितशोधकासाठी फार मोलाचा

मी मराठी मुद्रितं तपासते. माझ्या 1366 बाय 768 च्या जुन्या मॉनिटरवर ‘वर्षांत’मधला रफार आणि अनुस्वार एकच ठिपका वाटायचा. शेवटी विंडोजच्या शोधपट्टीत ‘क्लिअरटाइप’ (पडद्यावरची अक्षरं स्पष्ट करणारी विंडोजची सोय) टाकलं, तिचा ट्यूनर उघडला, पाच पडद्यांवर सर्वांत स्वच्छ वाटलेला नमुना निवडला. दोन मिनिटांचं काम!

पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्या स्वतंत्रपणे वापरून हे तंत्र अक्षराची कड रेखीव करतं. पट्ट्या शेजारी-शेजारी असतात, म्हणून काना आणि दंड लगेच सुधारतात. आडव्या शिरोरेषेला तेवढा लाभ होत नाही. (मॅकवर 2018 च्या मोहावे आवृत्तीपासून ही पद्धत मुळातच बंद असते.) दोन मॉनिटर असतील तर दोन्ही वेगवेगळे जुळवा. माझा रफार आता सुटा दिसतो, संध्याकाळी डोळेही कमी चुरचुरतात.