तीन ट्यूबचा सेट की डीएलपी? जुन्या रिअर प्रोजेक्शन टीव्हीवर खर्च करण्याआधी

पांढऱ्या रेषेच्या एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला निळी झाक दिसू लागली, तर समजावं की सेट तीन ट्यूबचा आहे. काळोख्या दृश्यात जागचे न हलणारे पांढरे ठिपके दिसू लागले, तर तो डीएलपी, म्हणजे सूक्ष्म आरशांच्या चिपवर चित्र बनवणारा. वय झालेल्या रिअर प्रोजेक्शन टीव्हीचे (पडद्यावर आतून, मागच्या बाजूने चित्र टाकणाऱ्या मोठ्या टीव्हीचे) हे दोन नेहमीचे आजार आहेत, आणि दोन्ही माझ्या घरात होऊन गेले. दोन्ही सेट मी स्वतः उघडले, दोन्हींवर पैसे आणि सुट्टीचे दिवस घातले, आणि शेवटी एकच ठेवला. यातला कुठला दुरुस्त करायचा आणि कुठला सोडून द्यायचा, हा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

ट्यूबवाल्या सेटमध्ये लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग शेवटपर्यंत वेगळे राहतात. प्रत्येकाची ट्यूब वेगळी, लेन्स वेगळी. तिघे एकत्र येतात ते थेट पडद्यावर. त्यामुळे दोष शोधायला मीटरच्या आधी पुठ्ठ्याचे दोन तुकडे पुरतात. दोन लेन्स झाकायच्या आणि एकाच रंगाचं चित्र पाहायचं. एकच रंग धूसर असेल, तर त्या ट्यूबचा फोकस तरी सरकलाय किंवा तिच्या पुढ्यातलं कूलंट, म्हणजे तिला गार ठेवणारं द्रव, तरी गढूळ झालंय. तिन्ही सारखेच धूसर असतील, तर आधी आतला मोठा आरसा बघावा. वर्षानुवर्षांची धूळ त्यावर बसलेली असते. तो मात्र काचेच्या साध्या आरशासारखा घासून पुसायचा नाही. त्याचा चमकता थर वरच्या बाजूला असतो आणि फडक्याने लगेच ओरखडतो.

निळ्याबद्दल एक सांगायला हवं. तो कारखान्यातच मुद्दाम किंचित सैल फोकसवर ठेवलेला असतो, कारण अगदी धारदार केला की निळ्या ट्यूबचा उजेड पुरत नाही. हे माहीत नसताना मी एक अख्खी संध्याकाळ निळ्या रेषा हिरव्याइतक्या बारीक करण्यात घालवली आणि पडद्यावरचा पांढरा रंग पिवळट झाला.

रेषा फाकतात ते बहुतेक वेळा कन्व्हर्जन्स आयसीमुळे, म्हणजे तिन्ही रंग पडद्यावर एकमेकांवर जुळवून ठेवणाऱ्या चिपमुळे. सहसा अशा दोन आयसी असतात: तीन रंगांच्या आडव्या-उभ्या मिळून सहा दुरुस्त्या, त्यातल्या तीन-तीन प्रत्येकीकडे. त्या सतत तापतात. कधी आतून जळतात, कधी नुसतं पायांपाशी सोल्डर तडकतं. माझ्या सेटवर निळ्या रेषा कमानीसारख्या वाकल्या होत्या. मी दोन्ही आयसी एकदमच बदलल्या, हीटसिंकची जुनी पेस्ट खरवडून नवी लावली आणि आजूबाजूचे कमी ओहमचे रेझिस्टर एकेक करून तपासले. दोन ओपन, म्हणजे आतून तुटलेले, निघाले. ते तसेच राहिले असते तर नव्या आयसी घालूनही चित्र वाकडंच राहिलं असतं. पुष्कळांचं काम इथेच फसतं. पुढची जुळवणी वेळखाऊ आहे हे कबूल. सेट अर्धा तास तापू द्यायचा, आधी पडद्यावर येणारी जुळवणीची हिरवी जाळी सरळ बसवायची, मग तिच्यावर लाल आणि निळी आणायची. पहिल्या वेळी मला पूर्ण दुपार लागली, दुसऱ्या वेळी तासाभरात झालं.

कूलंट बदलण्याचं काम त्याहून नाजूक, पण अवघड नाही. ट्यूबचा चेहरा आणि शेवटची लेन्स यांच्यामध्ये ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं मिश्रण असतं. वय झालं की त्यात बुरशीसारखे पुंजके धरतात आणि उजळ वस्तूंभोवती धुक्याचं वलय दिसतं. मिश्रण विषारी आहे, आणि सांडलं तर खालचे बोर्ड खराब करतं. ट्यूबवरचा दाब तीस हजार व्होल्टच्या आसपास असतो आणि सेट बंद केल्यावरही काही काळ टिकून राहतो. ज्यांना हे डिस्चार्ज करता येत नसेल त्यांनी जाणकाराकडूनच काम करून घ्यावं.

डीएलपीच्या बाजूनेही पुष्कळ बोलता येईल. सगळे रंग एकाच चिपवरून आणि एकाच लेन्समधून येतात, म्हणून फाकायला काही नसतंच. अक्षरं चारही कोपऱ्यांत सारखी स्वच्छ. जुळवणी नावाची गोष्ट नाही. बिघाडही बहुधा ओळखू येतात: चित्र महिनोन् महिने मंद होत गेलं तर दिवा, शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागला तर कलर व्हीलचं (रंगीत काचांच्या फिरत्या चकतीचं) बेअरिंग, एका कडेला काळी सावली पडली तर लाइट टनेलच्या (दिव्याचा उजेड पुढे नेणाऱ्या नळीच्या) काचपट्ट्यांचा गोंद सुटलाय. दिवा बदलणं तर दहा मिनिटांचं काम. मात्र तो पूर्ण गार होऊ द्यावा, काचेला बोट लावू नये, आणि फुटला तर आत पारा असतो हे लक्षात ठेवावं.

आणि तरीही मी डीएलपी ठेवला नाही, तो ठिपक्यांमुळे.

चिपवर लाखो सूक्ष्म आरसे असतात. आरसा एकीकडे कलला की उजेड पडद्यावर जातो, दुसरीकडे कलला की तिथे काळोख. एखादा उजेडाच्या बाजूला अडकला की पांढरा ठिपका कायमचा. पहिला ठिपका दिसला तेव्हा मी धूळ समजून पडदा पुसला. मग दुसरा आला, मग तिसरा, आणि काही आठवड्यांत मी मोजणं सोडून दिलं. दिवसाच्या दृश्यात ते लपतात. रात्रीचं आकाश आलं की कॅमेऱ्याबरोबर तारे सरकतात आणि ठिपके मात्र जागीच राहतात. एकदा ते दिसले की नजर गोष्टीवर राहत नाही, ठिपक्यांवर जाते. घरातल्या बाकीच्यांना आधी ते दिसतही नव्हते. मी दाखवल्यापासून त्यांनाही दिसू लागले.

मी चिप बदलली. पूर्ण लाइट इंजिन, म्हणजे चिप आणि लेन्सचा एकत्र भाग, बाहेर काढलं, सॉकेटमधली जुनी चिप काढून नवी बसवली, पंखे आणि हवेच्या जाळ्या साफ केल्या. काही महिने आकाश निखळ काळं होतं. मग एका रात्री नव्या चिपवर पहिला ठिपका उगवला, दुसऱ्याच जागी. आयसी जळाली तेव्हा मला कारण सापडलं होतं आणि पुढच्या वेळेसाठी काही करता आलं होतं. इथे करण्यासारखं सगळं आधीच केलेलं होतं. हा दोनच चिपांचा अनुभव आहे, तुमची दहा वर्षं टिकेलही. माझी तिसरी घ्यायची इच्छा राहिली नाही.

काहींनी मात्र डीएलपीच घ्यावा असं मलाही वाटतं. ज्यांच्याकडे पडद्यावर तासन् तास एकच स्थिर चित्र असतं, गेममधले आकडे असोत की बातम्यांची पट्टी, त्यांच्या ट्यूबवाल्या सेटमध्ये फॉस्फर, म्हणजे ट्यूबचा उजेड देणारा लेप, त्या जागी झिजतो, आणि ती झीज भरून येत नाही. ज्यांना घराच्या घरात टीव्ही हलवावा लागतो त्यांनाही डीएलपी सोयीचा. सुट्या भागांच्या बाबतीत कुणालाच मोठी निश्चिंती नाही. शेवटपर्यंत टिकलेल्या मित्सुबिशीनेही डिसेंबर २०१२ मध्ये हे टीव्ही बनवणं थांबवलं, त्यामुळे सर्वांत नवा डीएलपीसुद्धा आता जुनाच. तिसरा प्रकार एलसीडी रिअर प्रोजेक्शनचा. त्यात निळ्या उजेडाच्या वाटेवरची पोलरायझर फिल्म (उजेड गाळणारा पातळ पापुद्रा) करपून पिवळे डाग पडले असतील, तर मी त्याच्या मागे लागणार नाही.

ट्यूबवाला ठेवायचा विचार असेल तर आयसी मागवण्याआधी एक तपासणी करा. सेट अर्धा तास चालू द्या, पडद्यावर पूर्ण करडं चित्र आणा आणि दोन लेन्स झाकून एकेक रंग नुसता बघा. एखाद्या रंगात चॅनलच्या चिन्हाचा किंवा पट्टीचा पुसट ठसा दिसला तर ती ट्यूब झिजलेली आहे, त्या सेटवर पैसे घालू नका. तिन्ही रंग सलग आणि स्वच्छ दिसले तर रेषा कितीही वाकड्या असोत, मी तरी तो सेट सोडणार नाही.