पाहुणे, ट्यूलिप आणि क्यूकेनहॉफ: तीन वर्षं, तीन फेऱ्या

नेदरलँड्सला राहायला आलं की पहिल्या वर्षी लक्षात येत नाही, पण दुसऱ्या वर्षापासून फेब्रुवारी संपत आला की घरचे फोन वाढतात. "एप्रिलमध्ये तिकडेच आहात ना?" असं विचारलं की समजायचं, पाहुणे येतायत. नोव्हेंबरात पाच वाजताच अंधार पडतो तेव्हा कुणाला आमची आठवण येत नाही. असो. आम्ही आम्स्टलफेनमध्ये राहतो, लिसं गाव गाडीने अर्ध्या तासावर, त्यामुळे तिथली क्यूकेनहॉफ ही ट्यूलिपची बाग म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाची ठरलेली सहल. आतापर्यंत तीन वेळा झालीये, तर म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं, दरवेळी व्हॉट्सॲपवर तेच तेच टाईप करून कंटाळा आलाय.

पहिल्या वर्षी नणंद आली होती, बाग उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात गेलो, मार्चअखेर. चूक आमचीच. बाग उघडली म्हणजे ट्यूलिप उघडले असं नसतं हे तेव्हा कुठे माहीत होतं! क्रोकस होते, पिवळेधमक डॅफोडिल होते, पण ट्यूलिपचे नुसते हिरवे कोंब. नणंद म्हणाली, "वहिनी, इतक्या लांब कोबीचं शेत बघायला आणलंत का?" विलेम-अलेक्झांडर पॅव्हिलियन नावाचा मोठा काचेचा हॉल आहे, तिथे आत ट्यूलिप फुललेले होते म्हणून इज्जत वाचली. दुसऱ्या वर्षी ईस्टरच्या वीकेंडला गेलो. त्याबद्दल एकच सांगते, ईस्टरला जाऊ नका.

यंदा सासू-सासरे आले आणि यावेळी मात्र नीट प्लॅन केलं. व्हिसा ९० दिवसांचा, बाग वर्षातून साधारण आठच आठवडे उघडी, मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत, त्यात ट्यूलिपसाठी बेस्ट म्हणजे एप्रिलचा मधला आणि शेवटचा आठवडा. तिकीट ऑनलाइन काढायचं आणि आत शिरायची वेळ निवडायची. मोठ्यांना साधारण २० युरो, ४ वर्षांखालच्यांना फुकट. वेळ फक्त आत जायची असते, नंतर संध्याकाळी साडेसातला बंद होईपर्यंत थांबा, कुणी हाकलत नाही. आम्ही वीकडेला दुपारी साडेतीनचा स्लॉट घेतला. तोपर्यंत टुरिस्ट बसेस परतीला लागलेल्या असतात, आणि एप्रिलमध्ये इथे साडेआठपर्यंत उजेड, त्यामुळे शेवटचे दोन तास तिरप्या उन्हात बाग जवळजवळ आपली. हे नक्की करा. गाडी नसेल तर लायडन स्टेशनवरून ८५४ नंबरची बस आहे, ती थेट गेटशी नेते.

आता सासूबाईंचे गुडघे. मला हीच मोठी धास्ती होती कारण बाग ३२ हेक्टर आहे, पण रस्ते सपाट आहेत आणि बाकं भरपूर. व्हीलचेअर मिळते तिथे, मी हळूच विषय काढला तर "मी काय एवढी म्हातारी दिसते का गं?" मग काय, बाक दिसलं की टेकायचं, उठायचं, पुढचं बाक. आणि खरं सांगू, त्यांच्यामुळेच मी पहिल्यांदा ती बाग नीट बघितली, नाहीतर आधीच्या दोन्ही वेळा फोटोच्या मागे धावत होते. एका वाफ्याशी हायसिंथचा इतका दाट वास येत होता की त्या थबकल्याच, चष्मा काढला, पदर सावरून वाकल्या, नाक पार फुलाला लावलं आणि म्हणाल्या, "डोकं धरेल, पण सुटवत नाही." पुढची दहा मिनिटं आम्ही तिथेच.

सासरे म्हणजे रिटायर्ड बँकवाले. त्यांना फुलांपेक्षा हिशोबात रस. दर शरद ऋतूत इथे सुमारे ७० लाख कंद हाताने लावतात आणि सीझन संपला की काढून टाकतात, हे ऐकल्यापासून त्यांना चैन नाही. "अहो पण मग परवडतं कसं?" हे मला किमान चार वेळा विचारलं, जशी काही बाग माझीच. तर ही बाग म्हणजे मुळात कंदवाल्या शेतकऱ्यांची जाहिरात, १९५० ला लोकांसाठी उघडली तीच त्यासाठी. वाफ्यावाफ्यात पाटी असते, कुठली जात आणि कंद कुणाचे. सासरे सगळ्या पाट्या वाचत होते.

बागेत एक पवनचक्की आहे, १८९२ ची, वर चढता येतं. तिथून पलीकडची शेतं दिसतात, रंगीत पट्ट्यांची, पण मधूनच काही पट्टे नुसते हिरवे. फुलं खुडून टाकलेली! बाबांना ते पटेचना, इतकी फुलं तोडून टाकायची म्हणजे काय. मग नवऱ्याने सांगितलं की या शेतात पीक फुलाचं नाही, कंदाचं आहे, फूल काढलं की सगळी ताकद खाली कंदात जाते आणि तो पोसतो. बाबांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे हा कांद्याचाच धंदा आहे की!" तिथून पुढे घरी येईपर्यंत ट्यूलिप हा शब्द नाही, कांदाच. युलियाना पॅव्हिलियनमध्ये ट्यूलिपच्या सट्ट्याची गोष्ट मांडलीये, लोकांनी एकेका कंदासाठी घराएवढे पैसे बोलले आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये बाजार कोसळला. बाबा म्हणाले, "कांद्याचे भाव पडले की काय होतं ते आम्हाला नका सांगू."

एक गोष्ट पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. आपल्याकडच्या त्या पिढीच्या डोक्यात अमिताभ-रेखाचं ट्यूलिपमधलं गाणं पक्कं बसलंय, आणि ते याच बागेत शूट झालंय, त्यामुळे दोघांनाही फुलांच्या मधोमध उभं राहून फोटो हवा होता. वाफ्यात शिरता येत नाही. बाहेरच्या शेतातही नाही, ती शेतकऱ्याची खाजगी जमीन, बुटांना लागून रोगही पसरतो, आणि मध्ये पाण्याचा चर असतोच. आम्ही चराच्या अलीकडे उभं करून मोबाईल पार जमिनीला टेकवून फोटो काढला, त्यात दोघं फुलात उभे दिसतात. तो आता आख्ख्या नातेवाईकांत फिरतोय.

पोरांसाठी प्राण्यांचा कोपरा आहे, झुडपांचा भुलभुलैया आहे, आमची तीन वर्षांची लेक शेळीपासून हलेना. शेतातून फिरवणारी बॅटरीवरची बोट आहे, वेगळं तिकीट, पाऊण तास, सासूबाईंसाठी एकदम योग्य. खाणं आत महाग, डबा नेता येतो, आम्ही पोळीभाजी नेली आणि वर पॉफर्चेस (इथले छोटे गोड पॅनकेक) घेतले. गार वारा आणि दहा मिनिटं गारा पण झाल्या, इथली म्हणच आहे की एप्रिलला जे वाटतं तेच तो करतो, तर जॅकेट न्याच.

दुसऱ्या दिवशी नवरा आणि लेक शेतांच्या कडेने सायकलवर गेले. भाड्याची सायकल घेतली त्या दुकानाचं नाव नाही घेत, पण चेन तीन वेळा पडली. निघण्याआधी चेन आणि ब्रेक स्वतः बघा. आणि फुलांच्या रथांची मिरवणूक नॉर्डवाइकहून हार्लेमला जाते, एप्रिलमधल्या एका शनिवारी, त्या दिवशी या भागात गाडी घालू नका, रस्ते बंद असतात.

माझ्याकडून साडेचार स्टार. अर्धा कापला तो गर्दीचा. सासूबाईंना विचारलं तर त्यांना बागेइतकाच २७ एप्रिलचा राजाचा वाढदिवस आवडला, त्या दिवशी लोक रस्त्यावर चादर पसरून घरातलं जुनं सामान विकतात. त्यांनी एका सात-आठ वर्षांच्या मुलाकडून चिनीमातीचा दुधाचा जग घेतला, दीड युरो सांगत होता, खुणा करून एकावर आणला. नंतर मला म्हणाल्या, "पन्नास सेंट उगाच कमी केले गं, पोरगं गोड होतं," आणि परत जाऊन देऊन आल्या.