शाळेसाठी मृत्युपत्र : पुण्यातील एका वकिली कार्यालयाच्या सेवेविषयी

सातारा जिल्ह्यातील ज्या शाळेत मी शिकलो, ती रयत शिक्षण संस्थेची. माझ्या पश्चात मिळकतीचा काही भाग तिला मिळावा म्हणून पुण्यातील एका वकिली कार्यालयाकडून मृत्युपत्र करून घेतले, त्या सेवेविषयी हे मत.

पैसे नेमके कोणाच्या नावे द्यायचे, हे वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत विचारले. अशा शाळेच्या वतीने मालमत्ता स्वीकारते ती नोंदणीकृत संस्था, आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये काले येथे स्थापन केलेल्या या संस्थेच्या तर शेकडो शाखा आहेत. त्यामुळे केवळ शाळेचे नाव लिहिल्यास वाद संभवतो आणि केवळ संस्थेचे लिहिल्यास रक्कम अन्यत्रही खर्च होऊ शकते. म्हणून मसुद्यात संस्थेचे नाव, तिचा नोंदणी क्रमांक, शाखेचे नाव आणि व्याजातून वसतिगृहातील मुलामुलींचा खर्च भागवावा हा हेतू, असे सारे स्पष्ट आले. ती शाखा पुढे दुसऱ्या शाळेत विलीन झाली तर रक्कम कशी वापरावी, याचेही कलम त्यांनी आपणहून घातले. सर्वांत मोलाचे मला हेच वाटते, कारण मृत्युपत्र वाचले जाईल तेव्हा खुलासा करायला मी नसेन.

एखादी ठरावीक मुदत ठेव शाळेला लिहून दिली आणि हयातीतच ती मोडावी लागली, तर ती देणगीही उरत नाही. त्याऐवजी इतर वाटण्या झाल्यावर उरणाऱ्या मिळकतीचा ठरावीक हिस्सा द्यावा, हा त्यांचा सल्ला मुलांनाही पटला. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे आणि त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही. तरीही माझे वय पाहून त्यांनी नोंदणीचा आग्रह धरला, तो योग्यच होता. दोन्ही साक्षीदार मात्र वारसांपैकी किंवा संस्थेशी संबंधित नसावेत, याबाबत त्या ठाम होत्या.

पहिल्या मसुद्याची भाषा इतकी कोर्टकचेरीची होती, की व्यवस्थापक म्हणून, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी, नेमलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला निम्मी कलमे कळली नाहीत. सांगितल्यावर ती सोप्या मराठीत, जादा शुल्क न घेता लिहून मिळाली. संस्थेच्या कार्यालयाशी आधी बोलून घ्या, असे मात्र कोणी सुचवले नाही. देणगी कोणत्या अटींवर स्वीकारली जाते हे मसुद्यापूर्वीच कळायला हवे, तेव्हा या कार्यालयाकडे जाणाऱ्यांनी ती चौकशी स्वतः करून मगच जावे.